उशाशी लोखंड

फीट ओसरली की अनीश डोळे उघडायचा, चाचपडत बहिणीचं मनगट धरायचा, घड्याळाची तबकडी स्वतःकडे वळवायचा आणि विचारायचा, "किती गेले?" किती मिनिटं गेली, असं त्याला म्हणायचं असे. अकराव्या वर्षी पहिली फीट आली तेव्हापासूनचा हा शिरस्ता. आता त्याला चोविसावं लागलं होतं, आणि इतक्या वर्षांत चारुशीलाने त्याला एकदाही खोटा आकडा सांगितला नव्हता.

चारुशीला सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. वय अडतीस, आवाज खणखणीत, आणि स्वभाव असा की भाजीवालीने तागडी उचलली की ही आधी वाकून तिच्या बुडाशी चिंच तर चिकटवली नाही ना, ते बघणार. वर्गातली मुलं तिला पाठीमागे 'लिटमस' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वडील गेल्यापासून घरात आई, अनीश आणि ती अशी तिघंच. लग्नाचं राहून गेलं. लोक त्याचं खापर अनीशवर फोडत, पण तिने ते कधी फोडलं नाही, कारण त्या पोरावर तिचा जीव होता. त्याला सायकल तिनेच शिकवली होती आणि पुढे ती सायकल विकलीही तिनेच.

आदल्या दिवाळीत त्याची फीट बावीस मिनिटं थांबली नाही. मिरजेचे डॉक्टर चारुशीलाला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळ्या वाढवायच्या तेवढ्या वाढवून झाल्या. पुन्हा इतकी लांबली तर हा हाती लागेल असं धरून चालू नका." तिने मान डोलावली, घरी येऊन आईला यातलं निम्मंच सांगितलं, आणि न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडून घेतलं.

डॉक्टर सुमंत आठल्यांचं नाव आईच्या वाईच्या मावसबहिणीने कळवलं. चुंबकाने फीट थांबवतात म्हणे. "बुडत्याला काडीचा आधार," आई म्हणाली. "काडी आधी तपासून घेऊ," चारुशीला म्हणाली आणि तपासायला बसली. आठल्ये मूळचे वाईचेच. औषधांचे डॉक्टर नव्हतेच, रसायनातले होते; बारा वर्षं परदेशात काढून परत आलेले. उपचाराचं काही घेत नव्हते. फुकट देणाऱ्याचा चारुशीलाला विकत देणाऱ्यापेक्षा जास्त संशय यायचा. तिने पत्र टाकून त्यांचे छापलेले निबंध मागवले आणि दोन रविवार बसून वाचले. रसायनात कुठे खोट सापडेना, तेव्हा तिला आणखीच शंका येऊ लागली.

१९९६च्या फेब्रुवारीत दोघं भावंडं पहिल्यांदा तिकडे गेली. सांगलीहून कराड, कराडहून पाटण, पुढे मोरणेच्या खोऱ्यात जाणारी वडापची जीप. त्या जीपमध्ये सतरा माणसं आणि एक बोकड होता. फाट्यावर उतरून अर्धा तास चढ चढला की झाडीत एक लाकडी खोली दिसे. आसपास दोन मैल विजेची तार नव्हती. खोली लाकडी खांबांवर उभी होती, कारण आठल्ये म्हणत की इथला काळा दगडसुद्धा अंगात थोडं चुंबकत्व धरून असतो. दाराच्या बिजागऱ्या तांब्याच्या, खिळे तांब्याचे, पाण्याची कळशी पितळेची. देवळात शिरताना चपला बाहेर काढाव्यात तसं इथे लोखंड बाहेर काढायचं. ऐनाच्या फांदीला एक बुट्टी टांगलेली होती, तिच्यात अनीशचा पट्टा, चारुशीलाच्या केसांचे आकडे, पदराची पिन, घड्याळ, किल्ल्या असं सगळं जमा झालं.

आत सागवानी खाट होती आणि खाटेभोवती, तिन्ही अंगांनी, तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या चौकटी. बाहेरच्या बॅटऱ्यांवरून त्यांत वीज सोडायची. चारुशीलाने सगळ्या चौकटींभोवती दोनदा फेरी मारली.

"मेंदूच्या पेशींत काही रेणू सारखे तुटत आणि जुळत असतात," आठल्ये म्हणाले. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघायचा. "तुटताना दोन इलेक्ट्रॉन वेगळे पडतात. जन्माने जोडीचे. ते पुन्हा एकत्र येणार की आपापल्या वाटेने जाणार, हे एका निमिषात ठरतं. त्या निमिषात पृथ्वीचं एवढंसं चुंबकत्वही पारडं झुकवू शकतं."

"एवढंसं म्हणजे खेळण्यातल्या चुंबकाचा शंभरावा हिस्सा," चारुशीला म्हणाली. "शरीराच्या उष्णतेतच ते बुडून जाईल."

"ढकलाढकलीत बुडेल. पण इथे कुणाला ढकलायचं नाही. जोडी जुळायची की फुटायची एवढंच ठरायचं असतं, आणि उष्णतेला पत्ता लागायच्या आत ते ठरून जातं."

"आणि तुम्ही काय करता?"

"पृथ्वीचा हात काढून घेतो. चाळीस मिनिटं. पेशींना एकदम पेटायची जी सवय लागलेली असते, ती मोडते."

"तुम्ही स्वतः झोपलात कधी यात?"

"मी निरोगी आहे," आठल्ये म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

गुण आलेला रुग्ण कोण, असं तिने विचारलं. उंब्रजची एक मुलगी, प्रियदर्शनी. गेल्या गणपतीपासून एकही फीट नाही. तिच्या नोंदी बघू, म्हटल्यावर त्या वाईला आहेत म्हणाले. पुढच्या रविवारी विचारलं तेव्हाही त्या वाईलाच होत्या.

पहिले चार रविवार काहीच झालं नाही. आठल्ये आधी यंत्राने खाटेवरचं चुंबकत्व मोजायचे, आकडे लावायचे, मग खालच्या वाडीतली रंगुबाई येऊन गादी-चादर घालायची आणि अनीश आडवा व्हायचा. पडल्या पडल्या त्याची बडबड चालू असायची. वर्ल्ड कपचे दिवस होते. कोण कसा बाद झाला आणि कसा व्हायला नको होता, हे तो छताला सांगत राहायचा. बुधवारी किंवा गुरुवारी घरी ठरल्यासारखी फीट यायची. आठल्ये गोंधळलेले दिसत. चारुशीलाला मात्र ते नाटक वाटे, आणि नाटक कशासाठी ते कळत नसल्यामुळे ती अधिकच डोळ्यांत तेल घालून बघे.

पाचव्या रविवारी तिने फिजिक्सच्या प्रयोगशाळेतून पितळी डबीतलं छोटं होकायंत्र आणलं. हिशेब सरळ होता. पृथ्वीचं चुंबकत्व खरोखर पुसलं जात असेल तर सुई जिकडे वळवू तिकडे राहील. गादी घालून झाली, वीज सुरू झाली, आठल्ये बाहेर बॅटऱ्यांपाशी गेले तेवढ्यात तिने डबी खाटेवर सरकवली. पायथ्याशी सुई निमूट होती. उशाकडे नेली तशी ती वळली आणि गादीकडे रोखून थांबली.

चारुशीलाने गादी उचलली. खाली जुन्या खणात गुंडाळलेला एक विळा होता. पातं घासून पातळ झालेलं, मूठ काळी.

सापडला चोर, असं तिला वाटलं. पण आठल्यांनी तो विळा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला तो खरा पडला. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. रंगुबाईला हाक मारली. साठीची वाळकी बाई, दारातच उभी राहिली.

"रंगुबाई, हे तुम्ही ठेवलंत?" चारुशीलाने विचारलं.

"व्हय."

"कशासाठी?"

"बाळंतिणीच्या उशाला ठेवत्यात न्हवं? लोखंड आसलं म्हंजी भाईरचं काय शिवत न्हाई." रंगुबाई खाटेकडे बघत नव्हती. "ह्या खाटंवर माणूस तसंच हुतंय ताई. टाळू न भरलेल्या पोरावानी उघडं. त्या उंब्रजच्या पोरीच्या टायमाला मला काय ठावं? तिला न्हाई ठेवलं. ती उठली आन् मला म्हणली, रंगुबाई, पाणी द्या."

"मग त्यात काय झालं?"

"मी नवीनच आल्याली. माझं नाव तिथं कुणालाच ठावं न्हवतं. सायबबी मला मावशी म्हणायचे."

चारुशीलाचं डोकं तडकलं. चार रविवार, चार वेळा जीव मुठीत धरून केलेला प्रवास, आणि मधल्या चार फीट. या सगळ्यांवर या बाईने एका विळ्याने पाणी ओतलं होतं. "तुम्ही भलं करायला गेलात ते कळतंय मला," ती म्हणाली, "पण तुमच्यामुळे माझ्या भावाचे चार आठवडे वाया गेले." विळा तिने स्वतः उचलला, बाहेर नेला आणि बुट्टीशेजारच्या फांदीला अडकवला. रंगुबाई पायऱ्या उतरून खाली गेली आणि खोलीकडे पाठ करून बसली.

आठल्यांनी पुन्हा मोजमाप केलं. अनीश पडला. "ताई, उतरल्यावर पाटणला भजी खायची हं," तो म्हणाला, "त्या स्टँडसमोरच्याची. मागच्या वेळी त्याने मिरच्या..."

वाक्य तिथेच राहिलं. झोप लागली असेल, असं चारुशीलाला वाटलं. श्वास सारखा होता. बाहेर होला घुमत होता, तोही मधेच थांबला. चाळीस मिनिटांनी आठल्यांनी वीज बंद केली. अनीश उठून बसला आणि खोलीच्या एकेका कोपऱ्याकडे नीट बघत राहिला.

"चला," तो म्हणाला.

पाटणच्या स्टँडसमोर भज्यांचा घाणा निघत होता. अनीश तिकडे नजरही न वळवता पुढे गेला.

त्या बुधवारी फीट आली नाही. पुढच्या बुधवारीही नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. आई रात्री झोपू लागली. तेरा वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढून टाकली होती, ती तिने सुतार बोलावून परत बसवून घेतली आणि त्या दिवशी शिरा केला. चारुशीलाला आनंद झाला नाही असं नाही. झालाच. पण तिच्या आनंदाला तपासणीची खोड होती.

अनीश आता कारलं खायचा. आधी कारल्याच्या वासाने तो अंगणात जाऊन जेवायचा. क्रिकेटचं नाव काढत नव्हता. शीळ घालत नव्हता. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी किंचित थांबायचा, आतल्या खोलीत कुणाला तरी विचारून येत असल्यासारखा. उत्तर बरोबर असायचं, सभ्य असायचं. "आजारातून उठला की माणूस शहाणा होतो," आई म्हणायची. आईचं खरंही असेल, चारुशीला स्वतःला सांगायची. आपण सुखालाही वास घेऊन बघतो, हा आपलाच दोष.

पण खुर्चीचं तिला समजेना. अनीश बसला की खुर्ची थोडी वळवून घ्यायचा. जेवताना, वाचताना, नुसता असताना, त्याचं तोंड एकाच बाजूला, कपाट आणि खिडकीच्या मधल्या कोऱ्या भिंतीकडे. एक दिवस तिने मुद्दाम त्याची खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवली. तिथेही तो वळवून बसला. तिने होकायंत्र काढलं. वायव्य. मग जिल्ह्यांचा नकाशा टेबलावर पसरला, सांगलीवर पट्टी ठेवली आणि तेवढ्या कोनात पेन्सिलने रेघ मारली. रेघ कराडला चाटून उंब्रजवरून गेली.

मेच्या अखेरीला, पेपर तपासायला कराडला जाते, असं घरी सांगून ती उंब्रजला गेली.

प्रियदर्शनीचं घर सापडायला वेळ लागला नाही. वडील हंबीरराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मागे पाच एकर ऊस. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांना हाकलत त्यांनी खुर्ची पुसून दिली. आठल्यांचं नाव काढल्यावर ते भरभरून बोलतील असं चारुशीलाला वाटलं होतं. ते मिशीवरून हात फिरवत राहिले.

"गुण आला, न्हाई कसं म्हणू," ते म्हणाले. "आठ म्हयनं झालं, एक फीट न्हाई. लय उपकार हायेत सायबांचे."

"मग?"

"मग काय न्हाई." त्यांनी पायाशी आलेली कोंबडी हाकलली. "आमच्या घराण्यात पोरी लय बोलक्या. ही आता बोलत न्हाई फारशी. वय हाय म्हणायचं."

मुलगी ओट्याच्या टोकाला बसली होती. अठरा वर्षांची, दोन वेण्या, मांडीवर हात. ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं.

"तिथं उन्हात का बसलीय?" चारुशीलाने विचारलं.

"तिथंच बसती. मार्चपास्नं. आदी कुठंबी बसायची, आता तिथंच, आन् त्याच अंगाला तोंड." हंबीररावांनी हात करून दाखवला. उसाच्या शेतापलीकडे, आग्नेयेकडे.

चारुशीलाला पेन्सिलची रेघ आठवली. रेघेला दोन टोकं असतात, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"पोरी, पावण्यांस्नी पाणी आण," हंबीरराव म्हणाले. मुलगी उठली, माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली. तांब्या पुढे करता करता थांबली. तो खाली ठेवून तिने चारुशीलाचं मनगट धरलं, घड्याळाची तबकडी स्वतःकडे वळवली.

"किती गेले?" तिने विचारलं.

मुलगी स्वतःच गोंधळली. आपण हे काय केलं, असा चेहरा करून तिने हात सोडला आणि जागेवर जाऊन बसली. हंबीररावांना काही विशेष वाटलं नाही. येळ इचारती कवाकवा, एवढंच म्हणाले. काही कमीजास्त झालं तर कळवा, असं म्हणून चारुशीलाने एका कागदावर आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला. पाण्याला तिने तोंड लावलं नाही.

हमरस्त्यावरच्या एसटीडी बूथमधून तिने वाईला फोन लावला. आठल्ये शांतपणे ऐकत होते. मुलीचं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तुमचा भाऊ कोणत्या दिशेला तोंड करून बसतो?"

म्हणजे त्यांना माहीत होतं.

"उंब्रजकडे," ती म्हणाली.

"त्याच्या जवळ लोखंड ठेवू नका," आठल्ये म्हणाले. "निदान झोपलेला असताना."

"का?"

"फीट येईल."

"आणि अजून काय येईल?"

फोन तिकडून ठेवला गेला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा अनीश पुस्तक वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "पाणी तरी प्यायचंस. माठातलं होतं."

दोन दिवस चारुशीला विचार करत राहिली. विचार कसला, भीतीला वेगवेगळी नावं देत राहिली. योगायोग म्हणून पाहिलं. आठल्यांनी दोघांनाही काही शिकवून ठेवलंय, असं म्हणून पाहिलं. मग शिक्षिकेने शेवटी जे करावं ते तिने करायचं ठरवलं. प्रयोग. स्वयंपाकघरात लोखंडी खलबत्ता होता, आजीच्या वेळचा. बत्ता हातभर लांब आणि चांगला वजनदार होता.

रविवारी जेवणं झाली. आई आत पडली होती. अनीश कॉटवर झोपला होता, भिंतीकडे तोंड करून. चारुशीलाने बत्ता टॉवेलात गुंडाळला आणि उशीखाली सरकवला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मिनिटभर काही नाही.

मग त्याच्या कपाळाला आठी पडली. सत्तर दिवसांत त्याच्या कपाळाला आठी पडलेली तिने पाहिली नव्हती. त्याने डोळे उघडले. हात चाचपडत आला, मनगट धरलं, तबकडी वळवली.

"किती गेले?"

हा अनीश होता. याबद्दल तिला कोणी शंभर पुरावे मागितले असते तर एकही देता आला नसता, आणि तरी हा अनीश होता.

"सत्तर दिवस," ती म्हणाली.

"मला वाटलंच." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "ताई, मी तिकडे होतो. त्या घरात. कोंबड्या आहेत तिथे. खूप हाका मारल्या मी. तिथून आई दिसत नाही गं."

"आता कुठे जाऊ नकोस," ती म्हणाली. "मी आहे."

"मी नाही जात. तोच..."

त्याचे डोळे वर गेले. हात वाकडे झाले. फीट आली.

तिने त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं. आई धावत आली. नऊ. ओठ निळे पडू लागले. शेजारच्यांना रिक्षा बघायला पाठवलं. चौदा. एक ओसरते न ओसरते तो दुसरी.

"काय केलंस तू?" आईच्या हाताला उशीखालचं काहीतरी लागलं होतं. "काय ठेवलंस त्याच्या उशाला? काढ ते. चारू, काढ आधी."

सतरा.

"आई, हा खरा..."

"मरेल तो."

एकोणीस. वीस. अनीशच्या घशातून घरघर येऊ लागली.

एकविसाव्या मिनिटाला चारुशीलाने बत्ता ओढून काढला आणि दारातून अंगणात फेकला. फरशीवर तो घरंगळत गेला.

फीट तिथेच थांबली.

अनीश उठून बसला. स्वतःच्या हाताने तोंड पुसलं, शर्टाची कॉलर सारखी केली. आईने त्याला मिठी मारली आणि हमसून हमसून रडू लागली. तो किंचित थांबला, मग तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला. "बरं वाटतंय मला," तो म्हणाला.

रिक्षा परत पाठवली. आईने चहा टाकला. ती मधूनमधून हसत होती. पोर वाचलं होतं. चारुशीला भिंतीला टेकून बसली होती. फोन वाजला तेव्हा तीच जवळ होती.

"बाई, हंबीरराव बोलतोय, उंब्रजहून." आवाज घाबरलेला होता. "पोरगी दुपारच्याला अर्धा तास निपचित पडल्याली. आत्ता उठलीया आन् काय बी बोलतीया. हे घर माझं न्हाई म्हणतीया. सांगलीला सोडा म्हणतीया. कुसुम तुमच्या आईचं नाव का हो? आन् पत्ता सांगितला त्यो मी तुमच्या कागदावर ताडून बघितला, बरुबर हाय. कवा रडत न्हाई ती, आता थांबंना. घिऊन येऊ का तुमच्याकडं? चारची यस्टी हाय."

त्यांच्या आवाजामागे कुणीतरी रडत होतं. मधूनमधून "ताई" असं ऐकू येत होतं.

चारुशीलाने वर पाहिलं. आई बशीत चहा ओतून फुंकर घालत होती. त्याच्यासाठी. तिच्या चेहऱ्यावर बावीस मिनिटं आणि एकवीस मिनिटं दोन्ही होती, आणि तिसऱ्यांदा ती पुरली नसती. कॉटवर बसलेल्याचं चहाकडे लक्ष नव्हतं. तो चारुशीलाकडे बघत होता. त्याने मान हलवली नाही, खूण केली नाही. नुसती वाट बघत होता.

"नका आणू," चारुशीला म्हणाली.

"पर बाई, ती तुमास्नी ताई म्हणतीया. वळखती तुमाला."

"सगळ्याच मुली म्हणतात मला ताई." तिचा आवाज खणखणीत निघाला, वर्गात निघायचा तसा. "तिला तुमच्याजवळच ठेवा. झोप झाली की विसरेल."

तिने रिसिव्हर ठेवला.

"कोण गं?" आईने विचारलं.

"कॉलेजातली एक मुलगी."

चहा पिऊन झाला. फोन पुन्हा वाजू लागला. अनीश उठला, भिंतीवरच्या डबीतून फोनची पिन काढली, वायर मनगटाभोवती नीट गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली.

"आईला जरा पडू दे," तो म्हणाला. चारुशीलाने त्याला अडवलं नाही.